‘तब्येत सुधारली’ ते वजनकाटा : कोल्हापूर परिसरातील परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील आहारसंवादाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

मराठी बोलीत एखाद्याचे वजन वाढले की ‘तब्येत सुधारली’ असे म्हणतात आणि कमी झाले की ‘माणूस उतरला’ किंवा ‘वाळला’ असे म्हणतात. ‘खात्यापित्या घरचा’, ‘अंगाने भरलेली’, ‘बाळसे धरले’ हे सारे शब्दप्रयोग वजनवाढीकडे समाधानाने पाहतात. ज्या भाषेत तब्येत या एकाच शब्दाने आरोग्य आणि अंगकाठी या दोन्ही गोष्टींचा बोध होतो, त्या भाषेत रुग्णाला ‘तुमचे वजन जास्त आहे’ असे सांगणे वरवर पाहता सोपे, प्रत्यक्षात मात्र कठीण आहे. ही जबाबदारी रुग्णालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुतांशी परिचारिकेवर येते. डॉक्टर निदान करतात व औषध लिहून देतात; परंतु वजनकाट्याजवळ उभी असते ती परिचारिका, आणि ‘मग आता खायचे काय?’ हा प्रश्नही रुग्ण तिलाच विचारतो.

प्रस्तुत निबंधात कोल्हापूर परिसराच्या संदर्भात या संवादाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे. दूध, गूळ, मटण आणि मल्लविद्या यांचा अभिमान बाळगणारा हा जिल्हा या विषयाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त ठरतो. आपल्याकडील आरोग्यसेवेने दीर्घकाळ ‘अधिक खा’ हा संदेश दिला आणि तो त्या काळाच्या गरजेला धरून होता. आज तिलाच ‘मोजून खा’ असे सांगावे लागत आहे. संदेश बदलला, परंतु सांगण्याची आज्ञार्थी रीत बदलली नाही. हा संवाद अनेकदा का फसतो याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

१. पथ्याची जुनी परंपरा

स्थूलतेची चर्चा भारतीय वैद्यकाला नवी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आठ निंद्य मानलेल्या शरीरप्रकारांचे विवेचन असून त्यांत अतिस्थूल व अतिकृश या दोहोंचा समावेश आहे. या दोघांपैकी कृशता बरी, कारण स्थूलतेवर उपचार करणे अधिक अवघड, असा निर्वाळाही तेथे मिळतो. स्थूल व्यक्तीला पचनास जड, परंतु पोषणाने हलके अन्न द्यावे, हा त्यातील विचार आजच्या आहारशास्त्रालाही अपरिचित वाटणार नाही. पोट भरावे, पण शरीरात भर पडू नये, असा त्याचा आशय आहे.

याच ग्रंथात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, शुचिता आणि रुग्णाविषयी आपुलकी हे चार गुण असावेत, अशी अपेक्षा आहे. ज्ञान आणि आपुलकी यांना येथे एकाच पंक्तीत बसविले आहे, ही बाब लक्षणीय होय. लोकव्यवहारात मात्र ‘पथ्य’ या शब्दाला पुढे निषेधाचा अर्थ चिकटला. पथ्य म्हणजे काय खाऊ नये याची यादी, आणि ती सांगणारा म्हणजे हुकूम सोडणारा, अशी समजूत रूढ झाली. आधुनिक रुग्णालयातील आहारसल्ल्याकडेही रुग्ण याच दृष्टीने पाहत आला आहे.

२. दुष्काळ आणि संस्थानी रुग्णालय

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी दुष्काळी कामांवरील मजुराला जगण्यासाठी किमान किती धान्य पुरेल, हा राज्यकारभारातील वादाचा विषय झाला. सर रिचर्ड टेंपल यांनी ठरविलेल्या तुटपुंज्या मजुरीविरुद्ध पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठविला. पुढे १८९६-९७ व १८९९-१९०० या वर्षांतही दुष्काळ पडले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ मध्ये कोल्हापूर संस्थानाची सूत्रे हाती घेतल्यानंतर अल्पावधीतच त्यांना या आपत्तीला तोंड द्यावे लागले. स्वस्त धान्याची दुकाने व दुष्काळी कामे हे त्यांच्या उपाययोजनेतील प्रमुख भाग होते. ज्या पिढ्यांनी अन्नाचा असा तुटवडा पाहिला, त्यांच्या दृष्टीने भरलेले अंग हे संकटाविरुद्धची शिल्लक होते. ही स्मृती घराघरांतील बोलण्यात व वाढण्याच्या रीतीत टिकून राहिली.

याच काळात कोल्हापुरात आधुनिक रुग्णालय उभे राहिले. आज छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय या नावाने, आणि सर्वसामान्यांच्या तोंडी ‘सीपीआर’ म्हणून ओळखले जाणारे हे रुग्णालय पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल या नावाचे होते. अमेरिकेत वैद्यकीय पदवी संपादन करणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी यांची १८८६ मध्ये याच रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर नियुक्ती झाली होती. त्यांच्या पदवी-प्रबंधाचा विषय हिंदू समाजातील प्रसूतिशास्त्र हा होता. मात्र फेब्रुवारी १८८७ मध्ये त्यांचे निधन झाल्याने कोल्हापूरला त्यांच्या सेवेचा लाभ मिळू शकला नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभी डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी येथील स्त्री-रुग्णांसाठी दीर्घकाळ काम केले. शेजारच्या मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाने परिचारिका-प्रशिक्षणाचा पाया घातला आणि दक्षिण महाराष्ट्रात हा व्यवसाय रुजविण्यास हातभार लावला.

या प्रशिक्षणामागील विचारांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची छाप होती. १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या परिचर्येवरील पुस्तकात रुग्णाचे अन्न आणि ते देण्याची पद्धत यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. रुग्णाने ताटात काय टाकले आणि का टाकले, हे परिचारिकेने पाहिले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्याच पुस्तकात आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांच्या फुकट उपदेशावर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे. आधी निरीक्षण, मग सल्ला, हा क्रम परिचर्याशास्त्राच्या उगमापाशीच होता. पुढील काळात तो मागे पडत गेला.

३. भरल्या अंगाची प्रतिष्ठा

दुष्काळाच्या स्मृतीला कोल्हापुरात आणखी एका परंपरेची जोड मिळाली. शाहू महाराजांनी मल्लविद्येला उदार आश्रय दिला. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी नामांकित मल्ल घडविले. १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे हे पहिले ‘हिंदकेसरी’ ठरले, तेव्हा त्या मानात साऱ्या जिल्ह्याचा वाटा होता. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण. शेकडो जोर-बैठका आणि तासन्‌तास लढत करणाऱ्या शरीराला तो मानवत असे. परंतु समाजाने खुराकाचे कौतुक उचलले आणि मेहनत तालमीतच राहिली. कट्ट्यावर म्हशीची धार काढून तेथेच ताजे दूध पिण्याची शहरातील रीत याच आवडीतून रुजली. मल्लाने कुस्ती सोडल्यावर खुराकही सोडावा लागतो, हे जुने वस्ताद जाणून होते; त्या शहाणपणाला मात्र खुराकाइतकी प्रसिद्धी लाभली नाही.

दूध आणि ऊस यांनी जिल्ह्याची आर्थिक घडीही बदलली. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध संघाने ‘गोकुळ’ हे नाव घरोघर नेले. सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या घराची चूल उसावर आणि दुधावर चालते, त्या घरात ‘गूळ कमी करा, साय काढा’ हा सल्ला केवळ आहाराचा राहत नाही; तो प्रपंचाच्या अभिमानाला स्पर्श करतो. परिचारिकेला याचे भान असणे आवश्यक आहे.

४. ‘अधिक खा’ सांगणारी आरोग्यसेवा

विसाव्या शतकात भारतीय पोषणशास्त्राचा मुख्य प्रश्न कुपोषण हाच होता. कुन्नूर येथील प्रयोगशाळेत मॅकॅरिसन व त्यांच्यानंतर ॲक्रॉइड यांनी भारतीय अन्नाचे पृथक्करण केले. त्यातून १९३७ मध्ये भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती सिद्ध केली. परिचर्येच्या विद्यार्थिनींनी पाठ केलेल्या उष्मांकांच्या तक्त्यांचे मूळ येथे आहे.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे सुमारे ४३,००० लोकांमागे एक. एवढ्या तुटपुंज्या बळावर दीर्घ संवाद संभवत नव्हता. थोडक्या वेळात द्यायच्या ठोक सूचना हेच स्वरूप अपरिहार्य होते. १९७२ च्या दुष्काळात आयात केलेली तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन महाराष्ट्राने दिवस काढले. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि वजनकाटा गावोगाव पोहोचला. मात्र हा काटा बालकाचे वजन वाढले की नाही हे पाहण्यासाठी होता. काट्यावरचा वाढता आकडा ही आनंदाची बातमी होती.

याच काळात जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पाचा अनुभव उद्बोधक आहे. प्रशिक्षित परिचारिकांचे सांगणे गावातील स्त्रियांपर्यंत पोहोचेना, म्हणून गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार करण्यात आले आणि काम पुढे सरकले. ज्ञान परिचारिकेजवळ अधिक होते. परंतु चूल, सासू, शेत आणि मजुरी यांची जाण गावातील स्त्रीला होती. आहाराविषयी बोलताना ही दुसरी जाण किती निर्णायक ठरते, हे या अनुभवावरून दिसून येते.

५. आकड्यांचा बदललेला अर्थ

१९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे ३६ टक्के स्त्रिया कृश आणि सुमारे ११ टक्के अतिवजनी किंवा स्थूल आढळल्या. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत, त्याच वयोगटातील सर्व स्त्रियांमध्ये, कृश सुमारे १९ टक्के आणि अतिवजनी किंवा स्थूल २४ टक्के होत्या. दोन्ही पाहण्यांतील गट तंतोतंत सारखे नसले तरी बदलाची दिशा स्पष्ट आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासाने देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १०.१ कोटी असल्याचा अंदाज दिला. तथापि कृशता संपलेली नाही. एकाच वाड्यावस्तीत, कधी एकाच घरात, दोन्ही प्रश्न एकत्र नांदतात.

महाराष्ट्रातील संशोधनाने या प्रश्नाला आणखी एक पदर जोडला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा गावांत माता व बालकांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर तुलनेसाठी घेतलेल्या ब्रिटिश बालकांचे सुमारे ३.५ किलो होते. परंतु वजनाने कमी असूनही भारतीय बालकांच्या त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिक यांनी स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचे उदाहरण मांडले. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ असा सारखाच. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून भारतीयांसाठी २३ च्या पुढे अतिवजन व २५ च्या पुढे स्थूलता, तसेच स्त्रियांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर कंबरघेर, या मर्यादा २००९ च्या तज्ज्ञ-सहमतीने स्वीकारल्या. आशा कार्यकर्तीच्या तपासणी-अर्जातही कंबरेचे माप आले.

याचा संवादावर होणारा परिणाम मोठा आहे. समोरचा माणूस लठ्ठ दिसत नाही, म्हणून त्याच्याशी या विषयावर बोलायचे नाही, ही चूक ठरते. आणि केवळ लठ्ठ दिसतो म्हणून त्याच्या गुडघ्यापासून खोकल्यापर्यंत प्रत्येक तक्रारीचे खापर वजनावर फोडणे, हीदेखील चूकच ठरते.

६. संवादाची रीत

या पार्श्वभूमीवर परिचारिकेने नेमके कसे बोलावे, याचा विचार करता येतो. १९८० च्या दशकापासून विल्यम मिलर आणि नंतर स्टीफन रॉलनिक यांनी विकसित केलेल्या प्रेरणाधिष्ठित संवादपद्धतीचा गाभा असा की, बदलाची कारणे सांगणाऱ्याने पुढे न करता ऐकणाऱ्याच्या तोंडून येऊ द्यावीत. कोल्हापूर परिसरात ही पद्धत येथील बोलीत आणि येथील स्वयंपाकघरात उतरवावी लागेल.

पहिली बाब परवानगीची. बाह्यरुग्ण विभागातील रांगेत सर्वांसमक्ष वजनाचा आकडा मोठ्याने उच्चारला जातो, तेव्हा रुग्णाच्या मनात लाज निर्माण होते आणि लाजलेला रुग्ण पुन्हा येत नाही. रक्तदाब किंवा साखरेच्या गोळ्या बंद पडतात, आणि नुकसान वजनापेक्षा मोठे होते. आकडा कागदावर लिहावा, बाजूला घ्यावे आणि ‘मावशी, वजनाबद्दल थोडं बोलू का?’ असे विचारावे. वयाप्रमाणे मावशी, काकू, वहिनी, दादा, आबा ही संबोधने येथे सहज येतात आणि ‘पेशंट’ या शब्दातील दुरावा कमी करतात. ‘जाड’, ‘लठ्ठ’ हे शब्द टाळून कंबरेचे माप, साखर, दम लागणे, गुडघ्यांवरील भार अशा नेमक्या गोष्टींविषयी बोलावे.

दुसरी बाब आधी विचारण्याची. ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?’ या एका प्रश्नातून तक्त्यापेक्षा अधिक माहिती मिळते. पश्चिमेकडील राधानगरी, गगनबावड्यात भात व नाचणी, तर पूर्वेकडील शिरोळ, हातकणंगल्यात ज्वारी व गहू असा आहारातील फरक आहे. एकच छापील पत्रक दोघांना लागू पडत नाही. सकाळ-दुपारचा चहा किती वेळा व किती गोड, कांदा-लसणाच्या चटणीवर तेल किती, शेतावर जाताना काय नेले, रात्री किती वाजता जेवले, हे सारे विचारल्यावर कळते. प्रमाण मोजताना ग्रॅमऐवजी भाकरी, वाटी आणि पळी ही मापे वापरावीत.

तिसरी बाब समजुतींची. ‘गुळाने साखर वाढत नाही’ ही या जिल्ह्यातील खोलवर रुजलेली समजूत होय. पोषणतक्त्यानुसार १०० ग्रॅम गुळात सुमारे ३८३ आणि तेवढ्याच साखरेत सुमारे ३९८ उष्मांक असतात. फरक नाममात्र आहे. हे सांगताना गुळाला नावे ठेवण्याचे कारण नाही. चहात गूळ घातला तरी तो मोजावा लागतो, एवढेच सांगणे पुरेसे आहे. त्याचप्रमाणे ज्वारी (सुमारे ३४९) आणि गव्हाचे पीठ (सुमारे ३४१) यांच्या उष्मांकांतही विशेष अंतर नाही. पोळीऐवजी भाकरी खाल्ल्याने वजन आपोआप उतरत नाही. फरक पडतो तो वर लावलेल्या तेलातुपाने, तोंडी लावण्याने आणि भाकरींच्या संख्येने. उपवासाच्या दिवशी साबुदाणा, शेंगदाणे आणि बटाटा यांनी ताट जड होते, तर मधुमेहाच्या गोळ्या घेऊन कडक उपवास करणाऱ्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. म्हणून नवरात्रापूर्वीच ‘उपवास धरणार आहात का?’ हे विचारणे आवश्यक ठरते.

चौथी बाब घरातील अधिकाराची. आहार बदलायचा असेल तर रुग्ण कोण, यापेक्षा स्वयंपाक कोण करते आणि काय शिजवायचे हे कोण ठरवते, याला महत्त्व आहे. अनेक घरांत स्त्री शेवटी जेवते आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून पोटात ढकलते. तिला ‘कमी खा’ म्हणण्याऐवजी अन्न उरू नये असे कसे शिजवावे, याविषयी बोलणे उपयुक्त होय. बाळंतिणीचे उदाहरण याहून बोलके आहे. डिंकाचे व अळिवाचे लाडू, खारीक-खोबरे, तूप ही तरतूद कष्टाच्या आणि टंचाईच्या काळात अर्थपूर्ण होती. गरोदरपणात साखर वाढलेल्या स्त्रीला मात्र ती जपून घ्यावी लागते. येथे सासूला वगळून सुनेशी बोलणे व्यर्थ ठरते. ‘आजी, तुम्ही लाडू करताच, तर गूळ निम्मा घालून, लहान आकाराचे, दिवसाला एकच द्याल का?’ असे विचारल्यास आजीच्या अनुभवाचा मान राहतो आणि सल्लाही पाळला जातो.

पाचवी बाब ध्येयाची. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. आहार व चालण्याचा सल्ला मिळालेल्या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले, आणि वजनात लक्षणीय घट न होताही हा लाभ झाला. यावरून काट्यावरील आकडा हा यशाचा एकमेव निकष नव्हे, हे सिद्ध होते. पुढील भेटीत ‘वजन किती उतरले?’ याऐवजी ‘ठरवलेलं काय जमलं, काय अडलं?’ हा प्रश्न आधी यावा.

७. मर्यादा

या रीतीला वेळ लागतो, आणि गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात वेळ हीच दुर्मीळ वस्तू आहे. तेव्हा एका भेटीत एकच विषय, दोन-तीन प्रश्न आणि एक लहान बदल, एवढेच ठरविणे व्यवहार्य होय. आयुष्मान आरोग्य मंदिरांतील परिचर्या किंवा आयुर्वेद पदवीधर समुदाय आरोग्य अधिकारी, आरोग्यसेविका आणि आशा यांच्यात ही साखळी पुढे नेता येते. दुसरी मर्यादा परिस्थितीची आहे. भाजी व फळे महाग, तर तळलेले पदार्थ आणि गोड चहा स्वस्त असतील, तर सल्ल्याने फारसे साधणार नाही. वजनाचा सारा दोष व्यक्तीच्या इच्छाशक्तीवर ढकलणे हे अशास्त्रीय तर आहेच, पण अन्यायाचेही आहे.

निष्कर्ष

१. वजनाविषयीचा लोकभाषेतील आदर हे अज्ञान नसून दुष्काळाच्या अनुभवातून आलेले शहाणपण आहे. परिस्थिती बदलल्याने ते अपुरे पडत आहे.

२. भारतातील आरोग्यसेवेने दीर्घकाळ ‘अधिक खा’ हा संदेश दिला. तीच आज्ञार्थी रीत ‘कमी खा’ सांगण्यास लावल्याने रुग्ण दुरावतो.

३. भारतीयांची शरीररचना पाहता केवळ दिसण्यावरून किंवा वजनावरून निष्कर्ष काढणे अयोग्य आहे; कंबरघेर, साखर व रक्तदाब यांच्यासह संवाद व्हावा.

४. परवानगी, विचारणा, स्थानिक मापे, घरातील निर्णयकर्त्यांचा सहभाग आणि लहान ध्येय ही या संवादाची पंचसूत्री मानता येईल. परिचर्येच्या अभ्यासक्रमात उष्मांकांच्या तक्त्याबरोबर तिच्या प्रत्यक्ष सरावालाही स्थान मिळावे.

परिचारकाकडून चरकाने अपेक्षिलेली आपुलकी आणि नाइटिंगेल यांनी आग्रहाने सांगितलेले निरीक्षण या दोन्ही गोष्टी जुन्याच आहेत. कोल्हापूरच्या परिचारिकेने मावशीला आधी ‘काल काय खाल्लंत?’ असे विचारले, तर त्या दोन्ही परंपरा एका प्रश्नात एकत्र येतात, आणि ‘तब्येत सुधारली’ या शब्दांना त्यांचा आरोग्याचा अर्थ परत मिळण्याची शक्यता निर्माण होते.